वाजंत्री कुठे बसवायचे?

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी खातेवाटप होतं. जेवणाचं खातं मेव्हण्याकडे, आहेराची यादी ताईकडे, मुहूर्त आणि गुरुजी आईकडे. पुतणीच्या लग्नाच्या वेळी धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, संगीत तुझ्याकडे." मी विचारलं, संगीत म्हणजे ते आदल्या संध्याकाळी नाचतात ते का? "नाही रे, ते पोरं बघतील. प्रत्यक्ष लग्नात काय वाजवायचं ते तू ठरव. तू ऐकतोस ना बरंच काही."

मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्यक्षात तीन महिने गेले. शिवाय चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीची एक गोष्ट उकरली गेली, जी मी घरात कधीच कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. ताई, तिसऱ्या रांगेत बसलेले ते पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ कोण, असं तू लग्नात दोनदा विचारलंस आणि मी "वडाळ्याचेच आहेत" म्हणून टाळलं. ते कोण होते हे पुढे येईल. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

आम्ही वडाळ्याचे. कात्रक रोडवरच्या विठ्ठलमंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. आषाढीला सगळी मुंबई आमच्या दारातून रांग लावते. मुलगा माटुंग्याचा, तमिळ, तीन पिढ्या किंग्ज सर्कलच्या आसपास राहिलेल्या घरातला. मराठी आपल्यासारखंच बोलतो, "काय राव" सकट. लग्नाची जागा दोघांनी मिळून निवडली. मंगल कार्यालय त्यांना नकोच होतं. त्यांनी एका कलासंस्थेची वास्तू धरली. खाली छोटं नाट्यगृह, वर चित्रप्रदर्शनाचं दालन, मागे अंगण आणि अंगणात एक जुनं आंब्याचं झाड. नातेवाइकांत लगेच कुजबुज, की हे काय नवीन खूळ! खूळ अजिबात नवीन नाही. गिरगावातल्या लक्ष्मीबागेत एकेकाळी एका दिवशी लग्न लागायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच गाण्याची बैठक व्हायची. मुंबईत जागा कमी आणि हौस जास्त, त्यामुळे पंगत आणि मैफल यांनी एकच छप्पर वाटून घेतलं, एवढंच.

संस्थेच्या अटी दोन पानं होत्या. भिंतीला टाचणी लावायची नाही. अक्षता रंगवायच्या नाहीत, फरशीला डाग पडतो. डीजे नाही, ढोलताशा नाही, बॅन्ड नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही (हा नियम सगळ्या देशालाच आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून, पण त्यांनी तो ठळक अक्षरात छापला होता).

आता मागण्या ऐका. आईला सनई हवी. "सनईशिवाय लग्न म्हणजे श्राद्ध वाटतं," इति आई. मुलाकडच्यांना नादस्वरम् हवं, आणि हा प्रश्न विचारण्यासारखा आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. तांदूळ असतो तसं नादस्वरम् असतं. आणि पुतणी? ती शांतपणे म्हणाली, "काका, काहीही ठेव. पण कुणी माणूस वाजवणार असेल तर लोकांनी त्याचं ऐकलं पाहिजे. समोर कुणीतरी जीव तोडून वाजवतंय आणि लोक बासुंदीबद्दल बोलताहेत, हे मला कसंतरीच वाटतं."

मी हसलो. लग्नातली सनई ऐकायची असते का? ती असते, बस्स! पण वाक्य डोक्यात राहिलं आणि मी जरा मागे मागे जात वाचायला लागलो.

आपल्याकडे सनई-चौघडा मुळात समोर बसून ऐकायचा प्रकार नव्हताच. त्याची जागा दाराच्या वर. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा, वर नगारखाना आहे. मोठ्या देवळांचंही तेच. प्रहर झाला, देव उठला, आरती झाली, स्वारी आली हे गावाला कळवायचं काम या आवाजाचं. लग्नात तोच नगारखाना छोटा होऊन मांडवाच्या दाराशी आला. एक सनई सुरावट वाजवणारी, दुसरी फक्त सूर धरून ठेवणारी, जोडीला संबळ किंवा चौघडा. पाहुण्याला रस्त्याच्या वळणावरच कळावं की लग्नघर इकडे आहे. वाजवणारे बहुतेक गुरव, घडशी, न्हावी, मांग या समाजांतले. वाद्य मंगल, त्याच्याशिवाय पान हलत नाही, पण वाजवणाऱ्याने मांडवाच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, आणि पान मिळालं तर शेवटच्या पंगतीला. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

वाजंत्र्यांना दरडावणं तर आपल्या मंगलाष्टकांतच आलेलं आहे. आठवतंय का? लग्नघटी जवळ आली की नवऱ्याला घरात आणा, मधुपर्क करा, अंतरपाट धरा अशा कामांच्या सूचना देणारं ते कडवं, आणि त्याच्या शेवटी वाजंत्र्यांना सांगितलंय की फार गलबला करू नका. म्हणजे बघा, एकोणीस अक्षरांच्या ओळींचं शार्दूलविक्रीडित वृत्त, लक्ष्मीपतीची करुणा भाकलेली, आणि मधेच बाहेरच्या लोकांना "जरा गप्प बसा". लहानपणापासून शेकडो लग्नांत हे ऐकलं, पण ती ओळ कुणाला तरी उद्देशून आहे, दाराबाहेर खरोखर चार माणसं उभी आहेत, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

नंतर बॅन्ड आला. पलटणींची पितळी वाद्यं देशी हातांत आली, लाल कोट, झुपकेदार टोप्या, आणि वरात निघाली. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने लग्नाच्या बॅन्डवाल्यांवर 'ब्रास बाजा' (२००५) हे अख्खं पुस्तक लिहिलंय. पूर्वी सनई, ढोल वाजवणाऱ्या घराण्यांतलीच कितीतरी माणसं बॅन्डमध्ये गेली, असं त्यातून दिसतं. वाद्य बदललं, गणवेश आला, जागा तीच, रस्त्यावर! बॅन्डचा विषय इथेच सोडतो, अटींत तो बसत नव्हता.

सनई दारातून आत आली ती एका माणसामुळे, असं आपण सगळेच म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६). घराणं डुमराव संस्थानात वाजवणारं, मामा काशीत विश्वनाथाच्या देवळाशी बांधलेले. देवळात वाजणारं वाद्य त्यांनी मैफलीच्या गालिच्यावर आणून बसवलं आणि लोकांना तिकीट काढून समोर बसायला लावलं. २००१ साली भारतरत्न मिळालं. महाराष्ट्रात हेच काम पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी केलं, आणि सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने करण्याची प्रथा अनेकांनी पाहिली आहे.

पण घराघरात सनई पोचवली ती सिनेमाने, आणि इथे आपल्या परळचा संबंध येतो. १९५९ चा 'गूंज उठी शहनाई'. नायक सनईवाला, सनई बिस्मिल्लांची, संगीत वसंत देसाई यांचं. देसाई म्हणजे कोकणातला माणूस, प्रभातमधून शांतारामबापूंबरोबर आलेला आणि १९४२ साली परळला राजकमल कलामंदिर उभं राहिल्यावर तिथलाच झालेला. त्याच राजकमलच्या 'नवरंग'मध्ये (तोही १९५९) सनई वाजवणारे रामलाल. त्यांना बापूंनी १९६३ साली स्वतंत्र संगीतकार केलं, आणि चित्रपटाचं नाव काय, तर 'सेहरा', म्हणजे नवरदेवाच्या मुंडावळ्या! :) सनईवाला वाद्यवृंदातून उठून संगीतकाराच्या खुर्चीत बसला. वडाळ्याहून चालत गेलं तर हा स्टुडिओ काही फार लांब नाही.

आणि मग टेप आली. सनई प्रत्येक लग्नात पोचली आणि सनईवाला गेला.

आता ती गोष्ट.

मे १९८३. ताईचं लग्न. आमचे बाबा नायगावच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप तेव्हा सव्वा वर्ष चालला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे आमच्या घरात आजही "संप संपल्यावर" असा शब्दप्रयोग कुणी करत नाही. लग्न संपाच्या आधीच ठरलेलं, एकदा पुढे ढकललेलं, आता आणखी ढकलणं शक्य नव्हतं. आईच्या पाटल्या गेल्या होत्या. जेवणात बुंदीचे लाडू राहिले, जिलबी गेली.

सनईची सुपारी मात्र आधीच दिलेली होती. (तरुण वाचकांसाठी: सुपारी म्हणजे वाजंत्री, तमाशा, बॅन्ड ठरवताना द्यायचा विसार. गुन्हेगारांनी हा शब्द आमच्याकडून पळवला.) एक्कावन्न रुपये. सनईवाले काका बाबांच्याच गिरणीत, सूतखात्यात. वर्षभर साच्यावर, आणि लग्नसराईत रजा टाकून सनई. संप लागल्यापासून साचा बंद, म्हणजे जे काही होतं ते सनईवरच. हे मला आज उमगतं. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो.

लग्नाच्या आठ दिवस आधी बाबा हिशोब घेऊन बसले आणि म्हणाले, उरलेले दीडशे रुपये आणायचे कुठून? वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा मुलगा आखातातून टू-इन-वन घेऊन आला होता. त्याच्याकडे सनईची टेप होती, रेडिओवरून भरून घेतलेली. प्रश्न मिटला. बाबा मला म्हणाले, "जा, काकांना सांगून ये की या वेळी राहू दे. विसार त्यांच्याकडेच ठेवा म्हणावं."

मी गेलो. त्यांची चाळ नायगावात, दुसरा मजला. जिन्यात असतानाच सनई ऐकू आली. गाणं नव्हतं, नुसता एक सूर, लांबच लांब. थांबत होता, पत्ती तोंडात ओली करत असावेत, पुन्हा तोच सूर. मी जिन्यात उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. वर गेलो नाही. घरी आलो आणि बाबांना म्हणालो, "सांगितलं."

लग्नाच्या दिवशी सकाळी ते चौघेही आले. पांढरे सदरे, फेटे, वाद्यं तलम कापडात गुंडाळलेली. हॉलच्या दाराशी बाबा. ते आधीच वैतागलेले, त्यात हे समोर. "अहो भाऊ, निरोप दिला होता ना पोराबरोबर?" मी बाबांच्या मागेच उभा होतो, हातात अत्तरदाणी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग बाबांना म्हणाले, "हो हो, आला होता निरोप. माझ्याच ध्यानात राहिलं नाही बघा." बाबांनी जेवून जा म्हटलं. ते म्हणाले, पुढे एका ठिकाणी जायचंय. सनईची गुंडाळी उलगडलीच नव्हती, ती तशीच काखेत धरून ते वळले. बाकीचे तिघे त्यांच्याकडे बघत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

टेपचं पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतंच. पंगत बसल्यावर सनई संपली आणि त्याखाली आधी भरलेली 'कामगार सभा' लागली. अर्धी पंगत संपावरची. लोक हसले, बाबाही हसले. घरात ही गोष्ट अजून सांगितली जाते, मीही सांगतो. जिन्याची गोष्ट कधी सांगितली नाही.

तर पुतणीच्या त्या वाक्याने मला काय झालं असेल, कळलं ना?

या शोधात मुलाच्या आजोबांची फार मदत झाली. वय ब्याऐंशी, माटुंग्याच्या बाजारात रोज स्वतः जाऊन मोगरा आणणारे. मी त्यांना भीत भीत विचारलं, की नादस्वरम् त्या लहान नाट्यगृहात फार मोठं नाही का होणार? ते म्हणाले, होणारच, ते रस्त्यावरचं, देवळाच्या प्राकारातलं वाद्य आहे. जोडीला तविल, तोही मोठा. आणि मग त्यांनी मला गेट्टी मेळम् समजावलं. त्यांच्याकडे मंगळसूत्र बांधायच्या क्षणी पुरोहित हात वर करून खूण करतात, आणि नादस्वरम् व तविल एकदम जोरात, द्रुत लयीत सुटतात. हेतू हा, की त्या घडीला कुणाची शिंक, रडणं, अभद्र शब्द कानावर पडू नये. म्हणजे आमच्याकडे मुहूर्ताला वाजंत्र्यांनी गप्प बसायचं आणि 'सावधान' झाल्यावर सुटायचं, तर त्यांच्याकडे मुहूर्तालाच सगळ्यात मोठ्याने वाजवायचं. दोन्ही घरचे विधी एकाच सकाळी करायचे होते. म्हटलं, बरं झालं आधी बोललो!

आजोबांनीच राजरत्नम पिळ्ळै यांच्याबद्दल सांगितलं, आणि नंतर मी वाचलंही. तिरुवावडुदुरैचे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८-१९५६), नादस्वरमचे सम्राट. त्यांच्या काळी नादस्वरम् वाजवणाऱ्याने उभ्याने वाजवायचं, मोठ्या घरी गेलं तर उघड्या अंगाने, उपरणं कमरेला बांधून. राजरत्नम यांनी ते मानलं नाही. गवयांसारखं मंचावर बसून वाजवीन, म्हणाले. वाद्य लांब करून त्याचा स्वर खाली आणला. तोडी वाजवायला बसले की तासन्‌तास. १९४७ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत बिस्मिल्लांची सनई वाजली, तसं राजरत्नम यांचं नादस्वरम्‌ही वाजलं. मला हे वाचून मौज वाटली. देश स्वतंत्र होतोय आणि दोन्ही टोकांची लग्नातली वाद्यं दारातून उठून मंचावर येताहेत.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी, नाहीतर मी फारच हळवं चित्र रंगवतोय असं होईल. नायगावच्या बीडीडी चाळीतला माझा एक जुना मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "तुला सनईवाला परत आणायचाय, ठीक आहे. आमच्या आज्याने हलगी ठेवून दिली, तो आमच्या घरातला सणाचा दिवस." बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितल्यावर असंख्य घरांनी वाजवणं सोडलं, कारण ते वाजवणं कलेचं म्हणून नव्हतंच, वतनाचं आणि वेठीचं होतं. दुसऱ्याच्या दारात न वाजवणं हाच मान. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच.

आणि संगीताशिवायही लग्नं होतातच की. पु. ल. देशपांडे, पेटी ज्यांच्या बोटांत होती असा माणूस. १२ जून १९४६ ला रत्नागिरीत सुनीताबाईंशी लग्न केलं ते नोंदणी पद्धतीने. एक स्वरही न लावता. संसार व्यवस्थित झाला.

मधे परवान्याचा एक तमाशा झाला. संस्थेच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, जेवणाच्या वेळी ध्वनिमुद्रित गाणी लावणार असाल तर हक्कधारक कंपनीचा परवाना आणा. मी शोधाशोध केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे: धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला परवाना लागत नाही, आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही आले. केंद्राने २४ जुलै २०२३ ला सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. तरी भांडणं चालूच आहेत. गोवा सरकारने त्या आधारे काढलेलं परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. मी कायद्याचा कागद घेऊन गेलो, व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, आम्हाला वरून सांगितलंय." असो. जेवताना गाणी लावलीच नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सनईवाल्या काकांची चाळ आता नाही. विठ्ठलमंदिरात भजनाला बसणाऱ्या एका जुन्या कामगारांकडून त्यांच्या मुलाचा पत्ता लागला. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे, नोकरीतून निवृत्त, मुंबईच्या बाहेर राहतात. काकांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी गेलो, चहा झाला. कपाटातून त्यांनी सनई काढून दाखवली, पत्ती नव्हती. मी विचारलं, तुम्ही शिकलात का? म्हणाले, "बाबांनी शिकवलीच नाही. मागितली होती मी. म्हणाले, लोकांच्या दारात उभं राहणं माझ्यापर्यंत पुरे." माझा बीडीडीतला मित्र मला तिथेच आठवला.

मग मी त्यांना जिन्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. काकांनी घरी सांगितलं नव्हतं. ते थोडा वेळ सनई पुसत बसले आणि म्हणाले, "त्या वर्षी मे महिन्यात अशा बऱ्याच सुपाऱ्या गेल्या. तुमची एकच नव्हती." हे त्यांनी माझं समाधान करायला म्हटलं की दुसऱ्याच कशाला, ते मी विचारलं नाही. मी लग्नाचं आमंत्रण दिलं. वाजवायला नाही, ऐकायला या, म्हटलं.

आता ठरलं काय ते सांगतो. पुण्याहून सनईवादक तरुणांची जोडी बोलावली, सोबत तबला. नादस्वरम् आणि तविल माटुंग्यातूनच. नादस्वरम् अंगणात, आंब्याखाली, वर येताना आणि त्यांच्या विधीला. आजोबांच्या सांगण्यावरून गेट्टी मेळम्‌ही तिथेच झालं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. सनई नाट्यगृहात. तिथला ध्वनिसंयोजक आदल्या दिवशी रिकाम्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसला, दोन मिनिटं ऐकलं आणि माईकच्या तारा गुंडाळायला लागला. "लागत नाही," म्हणाला.

मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा. पुतणीने पत्रिकेतच छापलं होतं की ११ वाजता अर्धा तास सनईवादन, कृपया वेळेवर या. नवरा-नवरी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली, मंच पूर्ण वाजवणाऱ्यांचा. आई म्हणाली, हे असं कधी पाहिलं नाही, नवरी खाली आणि वाजंत्री वर! पण बसली ऐकत. सनईने वृंदावनी सारंग घेतला. पहिली पाच मिनिटं मागे कुजबुज होती, लहान मुलं पळत होती. नंतर कमी झाली. पूर्ण थांबली नाही, हेही लिहून ठेवतो. आमच्या मामेबहिणीचा मोबाइल दोनदा वाजला.

गंमत अंगणात झाली. नादस्वरमवाल्यांनी त्यांची तोडी सुरू केली, तर मावशी धावत माझ्याकडे. "अरे, ही भैरवी आहे! आत्ताच भैरवी? संपलं का लग्न?" कर्नाटकी तोडीचे स्वर आपल्या भैरवीसारखे असतात हे तिला समजावेपर्यंत तोडी खरोखरच संपली.

सगळ्या वाजवणाऱ्यांची पानं पहिल्या पंगतीत होती. मानधन आदल्या दिवशीच पूर्ण दिलं.

काकांचे चिरंजीव तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मी मधे जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. ते मुख्य वादकाकडे बघतच नव्हते. दुसऱ्याकडे बघत होते, गाल फुगवून एकच स्वर धरून बसलेल्या त्या पोराकडे, ज्याच्याकडे हॉलमध्ये दुसरं कुणी पाहत नव्हतं. म्हणाले, "सूर चांगला धरलाय. बाबांनी सुरुवातीची वीस वर्षं नुसता सूर धरलाय."

मी जिन्यात ऐकलेला तो सूर तोच असावा. ते मी त्यांना सांगितलं नाही. मंगलाष्टकं सुरू होणार होती, आई अक्षता वाटायला मला बोलवत होती. पांढऱ्याच होत्या, न रंगवलेल्या.